कळपांतील नवें शिंगरूं

गेल्या दत्तजयंतीला आमच्या एका स्नेह्यांनीं सारंगखेड्याच्या यात्रेंतून एक शिंगरूं विकत आणिलें. तापीकांठची ही यात्रा घोड्यांच्या बाजारासाठीं दूरवर प्रसिद्ध आहे, आणि घोड्यांचा शोकी मनुष्य तेथून रिकाम्या हातानें परतला असें सहसा घडत नाहीं. शिंगरूं मादी होतें. वय दीड वर्ष, रंग कुमैत, कपाळावर लहानशी चांदणी. स्नेह्यांचें शेत भीमेच्या खोऱ्यांत आहे, आणि त्यांच्या पागेंत (चार जनावरांच्या जागेला पागा म्हणावयाचें असेल तर) पूर्वींपासून चौघांचा एक संसार चाललेला होता. एक अठरा वर्षांची म्हातारी घोडी, तिची नऊ वर्षांची मुलगी, एक खच्ची केलेला पांढरा घोडा, आणि धनगरांकडून घेतलेली एक ठेंगणी भीमथडी घोडी. हौदावर प्रथम कोणीं जावयाचें, दुपारच्या सावलींत कोणीं कोठें उभें राहावयाचें, हें सर्व इतकें ठरून गेलेलें होतें कीं तेथें कांहीं ठरलेलें आहे अशी शंकाहि पाहणाराला येऊं नये.

नवें जनावर कांहीं आठवडे वेगळें ठेवावें हा नियम स्नेह्यांनीं नीट पाळला. यात्रेंत ठिकठिकाणचीं जनावरें एकत्र येतात. घोड्यांच्या गळ्याच्या गांठी सुजवून पिकविणारा रोग, आणि त्याहून भयंकर असा ग्लँडर्स, यांची बाधा अशा जागेहून घरीं येऊं शकते. पण शरीराच्या रोगाविषयीं त्यांनीं जी सावधगिरी दाखविली ती पुढें दाखविली नाहीं. चौथ्या आठवड्याच्या पहिल्याच सकाळीं, उत्साहाच्या भरांत, त्यांनीं शिंगरूं सरळ दगडी आवारांत सोडून दिलें.

पुढें जें झालें तें आम्हीं पाहिलें नाहीं. परंतु स्नेह्यांनीं तें इतक्या वेळां सांगितलें आहे कीं आतां पाहिल्यासारखेंच झालें आहे. चारी जनावरांनीं एकदम माना वर केल्या. पांढरा घोडा पुढें आला. त्यानें नाकाला नाक लावून हुंगलें, पुढचा पाय आपटला आणि एक बारीक किंकाळी फोडली. येवढ्यांत म्हातारी आली. तिचे कान मागें पडले होते, मान जमिनीसरशी लांबलेली होती. शिंगरूं पळालें. भिंतीच्या कडेकडेनें आवाराची एक फेरी झाली, आणि दुसऱ्या फेरींत, कडब्याच्या छपराची भिंत आवाराच्या भिंतीला जेथें मिळते, त्या कोंपऱ्यांत तें शिरलें. तेथें त्यानें मान पुढें काढून, ओंठांच्या कडा मागें ओढून, दांत न लावतां नुसती जबड्याची उघडझाप केली. लहान शिंगरें वडील जनावरासमोर असें करितात. म्हातारीनें पाठ फिरविली आणि दुगाणी झाडली. मग आणखी एक. पशुवैद्यांनीं येऊन खांद्याला सहा टांके घातले.

त्या दिवशीं स्नेह्यांना दोन सल्ले मिळाले. त्यांचा मोतद्दार एक वृद्ध धनगर आहे. तो म्हणाला, “मालक, म्हातारीला बांधून टाका. आगाडी-पिछाडी लावा, न्हाईतर पोर जायाचं.” शेजारच्या मळ्यांतील एक गृहस्थ प्राणिजीवनावरील पुस्तकें वाचणारे आहेत. त्यांनीं अगदीं उलट सांगितलें. “यांत आपण पडूं नये. हा निसर्ग आहे. त्यांचें त्यांना ठरवूं द्या. दोन लाथा खाईल आणि शहाणें होईल.” स्नेह्यांना दोन्ही सल्ले पटले आणि दोन्ही पटले नाहींत. रात्रीं त्यांनीं आम्हांला पत्र लिहिलें, त्यांत एकच वाक्य ठळक होतें: ‘लाथ म्हातारीनें मारली, पण मारविली मीं, असें वाटून झोंप लागत नाहीं.’

घोड्यांविषयींचा आमचा अधिकार विचाराल तर आमची घोडदौड माथेरानच्या तांबड्या मातीपलीकडे कधीं गेलेली नाहीं. पण पत्रांतील त्या वाक्यानें आम्हांला स्वस्थ बसूं दिलें नाहीं. आपण आपल्या इच्छेनें एका दुर्बळाला प्रबळांच्या संगतींत आणून सोडतों. त्यानंतर त्याला जें सोसावें लागतें त्याचा हिशेब कोणाच्या नांवावर मांडावयाचा? जो मारतो त्याच्या, जो आणतो त्याच्या, कीं ज्याला कोणी विचारीत नाहीं अशा निसर्गाच्या? प्रश्न एका शिंगराचा आहे म्हणून तो लहान आहे, असें आम्हांला वाटेना.

प्रथम त्या म्हातारीची बाजू मांडली पाहिजे, कारण ती कोणीच मांडली नव्हती. घरांतील मुलांनीं तिला ‘दुष्ट’ ठरवून तिच्या तोबऱ्यांतला गूळ बंद केला होता. दुसऱ्याचें दुःख दुःख म्हणून ज्याला कळतें आणि तरीहि जो तें देतो, त्याला आपण क्रूर म्हणतों. घोडीच्या मनांत असा कांहीं निवाडा होत असेल असें मानावयास आधार नाहीं. तिच्या दृष्टीनें काय झालें तें पाहावें. चार जनावरांत सहा जोड्या होतात. प्रत्येक जोडींत कोणीं हटावयाचें आणि कोणीं हटवावयाचें तें वर्षांनुवर्षांच्या सहवासानें बसलेलें असतें. पांचवें जनावर आलें कीं जोड्या दहा होतात. म्हणजे एक नवें तोंड वाढलें असें होत नाहीं, चार नवीं नातीं एकाच सकाळीं उघडीं पडतात, आणि जुनीं सहाहि थोडींफार हलतात. घोड्यांच्या कळपांत मोठेपणा बहुधा वयानें आणि त्या कळपांतील वास्तव्यानें येतो. नुसत्या अंगबळानें येत नाहीं. म्हातारीचें सारें वैभव म्हणजे तिचें तेथें असणें. तें तिला न विचारतां हलविलें गेलें. आपल्या घरांत कोणी परका मनुष्य आणून, ‘आजपासून हा तुमच्यांतलाच’ असें सांगून मालक निघून गेला, तर आपण कान मागें पाडणार नाहीं, येवढेंच. बाकी सारें करूं.

तेव्हां म्हातारी सुटली. आतां निसर्गाचा कैवार घेणाऱ्या गृहस्थांकडे वळूं. त्यांच्या म्हणण्यांत खरें पुष्कळ आहे, आणि म्हणूनच तें धोक्याचें आहे. मोकळ्या रानांत राहणाऱ्या घोड्यांचीं कुटुंबें असतात; एक वळू घोडा, कांहीं माद्या आणि त्यांचीं पोरें. पोरें वयांत आलीं, म्हणजे साधारण दोन-तीन वर्षांचीं झालीं, कीं नर-मादी दोन्ही जन्माचा कळप सोडून जातात, आणि मादी शिंगरांना दुसऱ्या एखाद्या कळपांत शिरावें लागतें. परक्या घरीं नवें म्हणून जाणें हा घोड्याच्या मादीचा जन्मसिद्ध भोगच आहे म्हणा ना! तेथेंहि जुन्या माद्या तिचें स्वागत करीत नाहींत. कान पाडतात, दांत दाखवितात, हौदावरून नव्हे तर झऱ्यावरून हुसकतात. येथपर्यंत गृहस्थांचें शास्त्र बरोबर आहे.

पण त्याच शास्त्राचा पुढचा भाग त्यांनीं सांगितला नाहीं. घोड्यांच्या बहुतेक भांडणांचा निकाल लाथेपर्यंत जातच नाहीं. कान मागें जातात. तेवढ्यानें समोरचा हटला तर प्रकरण मिटलें. न हटला तर मान लांबते. मग पाठ वळते. मग पाय नुसता उचलला जातो. या इतक्या पायऱ्या चढून गेल्यावर शेवटीं लाथ येते, आणि प्रत्येक पायरीवर दुर्बळाला एक उपाय खुला असतो, तो म्हणजे दूर जाणें. दहा पावलें दूर, नाहीं तर शंभर. माळ मोठा असतो. नवें शिंगरूं कळपाच्या कडेला, हांकेच्या अंतरावर, दिवसच्या दिवस चरतें. अंतर रोज थोडें कमी होतें. आणि एके दिवशीं तें कळपांत आहे असें दिसून येतें. तें अंतर हीच तेथली दया, तोच न्याय, आणि तेंच शिक्षण.

आमच्या स्नेह्यांच्या आवारांत तें अंतर कोठें होतें? शिंगरूं मूर्ख नव्हतें. म्हातारीचे कान पाहतांच तें पळालें, म्हणजे जें समजावयाचें तें त्याला समजलें होतें. पण पळून जेथें जावयाचें ती जागा दगडांनीं बांधून काढलेली होती. म्हातारीच्या बाजूनें पाहिलें तरी तेंच: तिनें ‘दूर हो’ म्हटलें, आणि समोरचें शिंगरूं दूर होईना. तें होऊं शकत नाहीं हें तिला कळावें कसें? भिंत ही वस्तु तिच्या भाषेंत नाहीं. तिला दिसलें तें येवढेंच कीं हें कारटें ऐकत नाहीं. मग शेवटची पायरी आली. ज्यानें भिंत बांधली, त्यानें निसर्गांतील एकुलता एक उपाय काढून घेतला. आणि तोच मागाहून ‘हा निसर्ग आहे’ असें म्हणूं लागला, तर त्याला तें म्हणण्याचा अधिकार उरत नाहीं. म्हातारीचे कान हें निसर्गाचें काम होतें. कोंपरा हें गवंड्याचें काम होतें, आणि गवंड्याला मजुरी आमच्या स्नेह्यांनीं दिली होती.

निसर्गाच्या नांवानें बोलणारांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. मंगोलियांतील तखी, ज्याला युरोपीय लोक प्रझेवाल्स्कीचा घोडा म्हणतात, तो मोकळ्या रानांतून १९६०-७० च्या दशकांत नाहींसा झाला; प्राणिसंग्रहालयांत कांहीं उरले होते तेवढेच. त्यांचे वंशज १९९२ सालीं मंगोलियांतील हुस्ताइ येथें परत नेण्यांत आले. ज्यांना खऱ्याखुऱ्या निसर्गांतच परत जावयाचें होतें, त्या घोड्यांनाहि विमानांतून उतरवून सरळ माळावर हांकलून दिलें नाहीं. आधीं विस्तीर्ण कुंपणांत ठेविलें, तेथें त्यांचे कळप जमूं दिले, आणि मग फाटक उघडलें. रानटी घोड्यांच्या बाबतींत माणसानें इतका धीर धरला. माणसाच्याच आवारांत राहणाऱ्या एका दीड वर्षाच्या पोरीला मात्र एका सकाळींत शहाणें व्हावयास सांगावें, हा न्याय आम्हांला उमगत नाहीं.

येथें त्या उघडझाप करणाऱ्या जबड्याविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून राहवत नाहीं. ती मुद्रा म्हणजे ‘मी लहान आहें, मला मारूं नका’ अशी याचना, असें पुष्कळांनीं मानिलें आहे, आणि पाहणाराच्या मनाला तेंच पटतें. परंतु क्रॉवेल-डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८५ सालीं शिंगरांवरील जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यांत या मुद्रेमुळें वडील जनावराचा मारा थांबतो असें आढळलें नाहीं; आईला पितांनाच्या हालचालीचीच ती भयाच्या वेळीं उमटणारी छाया असावी, असा त्यांचा तर्क आहे. म्हणजे कोंपऱ्यांत सांपडलेलें तें शिंगरूं म्हातारीची क्षमा मागत नसेलहि. तें कदाचित् नसलेल्या आईचें दूध पीत असेल. हें वाचल्यावर आम्ही पुष्कळ वेळ स्वस्थ बसून होतों.

आतां मोतद्दाराचा सल्ला. त्यांत दया होती, आणि त्याला आपल्याकडे मोठी परंपराहि आहे. आपल्या पागांतून घोडीं रांगेनें बांधलेलीं असत; पुढून आगाडी, मागून पिछाडी. शेजारच्या घोड्याशीं ज्याचें कधीं पटलें नाहीं असाहि घोडा त्या रांगेंत वर्षांनुवर्षें उभा राही, कारण पटण्या न पटण्याचा प्रश्नच दोरीनें काढून टाकिलेला असे. मोहिमेवर निघालेल्या फौजेला घोड्यांची ओळख होईपर्यंत थांबावयास सवड नव्हती. त्या व्यवस्थेला आम्ही नांवें ठेवीत नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत अश्वाध्यक्षाचें एक प्रकरण आहे. त्यांत घोडे कसकसे आले याची नोंद ठेवावयास सांगितली आहे: विकावयास आलेले, खरेदी केलेले, युद्धांत जिंकलेले, घरीं जन्मलेले, मित्रराजानें साह्यास धाडलेले, गहाण पडलेले, थोड्या काळापुरते ठेविलेले. माद्या, वळू आणि किशोर यांना वेगवेगळ्या एकांत जागा द्याव्या असेंहि सांगितलें आहे. अश्वशाळेंत वानर, मोर, मुंगूस, पोपट आणि साळुंक्याहि असाव्या असें तो म्हणतो. इतकी वर्दळ चालेल, पण किशोर मोठ्यांच्या पायांत नको! अश्वविद्येचा जाणता म्हणून ज्याचें नांव घेतात तो नकुल विराटाच्या घरीं ग्रंथिक या खोट्या नांवानें वर्षभर अश्वपाल होऊन राहिला होता. परक्या पागेंत नवें म्हणून शिरणें कसें असतें, याची त्याला तरी चांगली कल्पना असावी.

परंतु दोरीनें येणारी शांतता ही जेवढी दोरी तेवढी शांतता. म्हातारीला बांधून ठेवावें, आणि तिच्या डोळ्यांसमोर शिंगरानें मोकळें फिरावें, तिच्या वाट्याचा कडबा ओढावा. ज्या दिवशीं दोरी सुटेल त्या दिवशीं काय होईल तें सांगावयास ज्योतिषी नको. आणि हा म्हातारीवरहि अन्याय आहे. तिचा अपराध नसतां तिला शिक्षा, ती कां, तर मालकाला आपली भिंत पाडावयाची नाहीं म्हणून.

मग शिंगरूंच कायमचें वेगळें ठेवावें? ही तिसरी सूचना स्नेह्यांच्या पत्नीची होती, आणि त्या माउलीनें आठ दिवस तें करूनहि पाहिलें. शिंगराला वेगळी खोली, मऊ गवत, हरभऱ्याचा भिजवलेला दाणा. दिवसांतून दोनदां खरारा. तें दारावरून मान काढून दिवसभर कळपाकडे पाहत उभें राही, आणि कळप नजरेआड झाला कीं खोलींत घिरट्या घालीत खिंकाळत राही. घोडा हा एकटा राहण्यासाठीं जन्मलेला प्राणी नाहीं; कळपाबाहेर राहणें हेंच त्याच्या जातीला सर्वांत मोठें संकट वाटतें, कारण मोकळ्या रानांत एकट्या घोड्याच्या वांट्याला लांडगे येतात. आपण त्याला जें सुख म्हणून देतों तें त्याला भय म्हणून पोंचतें. लाथेची जखम पंधरा दिवसांत भरली. खोलींतील त्या घिरट्या मात्र रोज वाढत होत्या. दुर्बळाला इजा होऊं नये म्हणून त्याला संगतच मिळूं न देणें, ही दया आम्हांला लाथेपेक्षां कठोर वाटली.

आम्ही स्नेह्यांकडे गेलों तेव्हां पौष सरत आला होता. वाटेचा खरा शोध लागला तो आमच्या पुस्तकांतून लागला नाहीं. तो त्या मोतद्दाराच्या एका आठवणींतून लागला. संध्याकाळीं हौदाजवळ बसलों असतां आम्हीं त्याला विचारलें, “बाबा, तुमच्या धनगरवाड्यांत नवीन घोडी आली तर काय करीत होतां?” तो जरा हंसला. “काय करायचं? वाडा चालत असायचा. मेंढरं फुडं, वझ्याच्या घोड्या मागं, अन् नवी पार शेवटाला. पहिल्या दिशी हाकंच्या अंतरावर. मग जवळ. मुक्काम बदलत ऱ्हातो, तवा जागा कुणाचीच नसती.” मग थोडें थांबून म्हणाला, “हितं भिताडं हाईत, म्हून बांधा म्हनलो.”

धनगरांचे हे वाडे दख्खनच्या पठारावरून वर्षाचे कित्येक महिने चालत असतात, आणि भीमथडी घोडा हा त्यांचाच घोडा. अलीकडे या घोड्याला स्वतंत्र जात म्हणून सरकारदरबारीं मान्यताहि मिळाली आहे. पण त्या वृद्धाच्या बोलण्यांतील जो शब्द आमच्या मनांत रुतला तो ‘जागा’ हा. ज्या जागेवर अजून कोणाचा हक्क बसलेला नाहीं तेथें नव्याला शिरणें सोपें जातें. आणि दुसरी गोष्ट: बांधण्याचा सल्ला त्यानें दिला तो घोड्यांकडे पाहून दिला नव्हता, भिंतींकडे पाहून दिला होता. आमच्यापेक्षां, आणि त्या वाचक गृहस्थांपेक्षां, प्रश्नाचें मूळ त्याला आधींच दिसलें होतें. मालकाला भिंत पाडा म्हणून सांगणें त्याच्या तोंडीं शोभलें नसतें, येवढेंच.

मग जें करण्यांत आलें तें थोडक्यांत सांगतों. शिंगराला आवाराशेजारच्या तुकड्यांत ठेवून मध्यें बांबूंचें कुंपण घातलें. नाकाला नाक लागावें, पण पाय पोंचूं नये. दहा-बारा दिवस हुंगणें, किंचाळणें, आणि मग दुर्लक्ष. नंतर ठेंगणी भीमथडी घोडी एकटीच त्याच्याजवळ सोडली. ही घोडी स्वतः बाहेरून आलेली आणि स्वभावानें थंड. तिनें दोनदां कान पाडले आणि चरूं लागली. आठवडाभर दोघींची जोडी राहिली. मग मोठ्या जनावरांचे मागचे नाल काढले, सर्वांचीं पोटें भरल्यावर त्यांना नदीकडच्या चार एकरांच्या मोकळ्या पडींत नेलें, आणि तेथें कडब्याचे पांच जनावरांना सात ढीग, एकमेकांपासून लांब लांब, मांडून ठेविले. आवाराचा तो कोंपराहि पाडून टाकिला. छपराला दुसऱ्या बाजूनें एक वाट केली, म्हणजे एका तोंडानें कोणी आंत आलें तर दुसऱ्या तोंडानें बाहेर जातां यावें.

पहिल्या दिवशीं म्हातारी धांवली. शिंगरूं पळालें, चांगलें दोनशें पावलें पळालें आणि वळून उभें राहिलें. म्हातारी मध्येंच थांबली, शेंपूट झटकलें, आणि परतली. आम्हीं सर्वांनीं श्वास सोडला. स्नेही म्हणाले, “एवढ्यानें झालें?” तेवढ्यानें झालें नव्हतें, तीन आठवडे रोज थोडथोडें होत होतें. दोनदां दांतांचे ओरखडे उठले. स्नेह्यांनीं ते पाहिले, औषध लाविलें, आणि कोणाला बांधलें नाहीं. न बांधण्याला त्यांना त्या दिवसांत जितकें बळ लागलें, तितकें बांधण्याला लागलें नसतें.

वाचकांपैकीं पुष्कळांच्या मनांत एव्हांना घोड्यांची गोष्ट मागें पडून घराची गोष्ट उभी राहिली असेल. नवी सून, शाळेंत वर्षाच्या मध्यें आलेला मुलगा, कचेरींतला नवा कारकून. ही तुलना फार ताणूं नये. सून ही विचार असलेली, हक्क असलेली व्यक्ति. ती यात्रेंतून आणिलेली नसते, आणि तिला कळपाची रीत शिकवावयाची हा विचारच मुळीं अपमानाचा. पण दोन गोष्टी आम्हांला दिसल्या त्या लिहितों. म्हातारीनें शिंगराला हुसकलें तेव्हां ‘मलाहि एके काळीं असेंच हुसकलें होतें’ हें कारण तिच्याजवळ नव्हतें. आपल्यावरचा जाच हा दुसऱ्याला जाच करण्याचा परवाना मानणें, ही युक्ति चार पायांच्या कोणालाहि सुचलेली नाहीं. दुसरी गोष्ट त्या अंतराची. सासरीं सारें सोसून निभावून नेलें असें सांगणाऱ्या जुन्या बायका आम्हीं पुष्कळ ऐकल्या आहेत, आणि त्यांच्या बोलण्यांत एक वाक्य बहुधा येतें: माहेरची वाट उघडी होती. कधीं त्या वाटेनें त्या गेल्याहि नसतील. ज्यांच्या घरीं ती वाट बंद केलेली होती त्यांच्याकडे, ‘घरोघरीं असेंच असतें’ असें म्हणणारे वडील होते. वाट कोणीं बंद केली हें मात्र ते सांगत नसत.

तरीहि एक गोष्ट मालकाच्या हातीं नाहीं, आणि ती नाहीं हें मान्य करणें हाहि त्याच्या कर्तव्याचाच भाग आहे. जागा देतां येते, चारा देतां येतो, वेळ देतां येतो. ओढ देतां येत नाहीं. घोडीं एकमेकांच्या मानेच्या बुंध्याशीं, आयाळ जेथें संपते तेथें, दांतांनीं खाजवितात. फेह आणि द माझिएर यांनीं फ्रान्समधील कामार्ग प्रांताच्या घोड्यांवर केलेला अभ्यास १९९३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत असें दिसून आलें कीं नेमक्या त्या जागीं खाजविलें असतां घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, आणि दुसऱ्या जागीं खाजविलें तर तसें होत नाहीं. स्नेह्यांच्या पत्नीनें हें ऐकून शिंगराच्या त्या जागीं रोज हात फिरविला. शिंगरूं डोळे अर्धवट मिटून घेई. पण तिचा हात निघाला कीं तें पुन्हां कळपाकडेच पाही.

चैत्रांत आम्ही पुन्हां गेलों. ऊन चढलें होतें, आणि पडींतल्या बाभळीखालीं भीमथडी घोडी आणि शिंगरूं उलट्या तोंडांनीं उभीं राहून एकमेकांची मान खाजवीत होतीं. पांढरा घोडा थोडा दूर. म्हातारी हौदावरून आली, शिंगराच्या पुढ्यांतल्या ढिगाकडे निघाली, आणि तिचे कान किंचित् मागें गेले. शिंगरानें घांस तोंडांत तसाच धरून तो ढीग सोडला आणि पलीकडच्या ढिगाला तोंड लाविलें. म्हातारी खाऊं लागली. खांद्यावरच्या जखमेच्या जागीं पांढऱ्या केसांची एक रेघ उमटली आहे. ती आतां जाणार नाहीं, असें मोतद्दार म्हणाला.

परत येतांना आवाराजवळ स्नेही थांबले. पाडलेल्या कोंपऱ्याचे दगड अजून तेथेंच पडून होते. मोतद्दारानें विचारलें, “मालक, आतां सगळं बसलंय. कोपरा पुन्ना बांधून घ्यायचा का?” स्नेह्यांनीं कांहीं वेळ त्या दगडांकडे पाहिलें. मग विहिरीच्या कठड्याला डागडुजी हवी होती ती त्यांना आठवली, आणि त्यांनीं दगड तिकडे न्यावयास सांगितले.